मापाला शिस्त लावणारी सुगरण : फॅनी फार्मर

स्वयंपाक ही अंदाजाची विद्या आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. चिमूटभर मीठ, मूठभर डाळ, लिंबाएवढा गूळ, सुपारीएवढी चिंच ही आपल्या स्वयंपाकघराची परिभाषा. ती ज्या हातांना कळते त्यांचे कधी चुकत नाही आणि ज्यांना कळत नाही त्यांचे कधी जमत नाही. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. तेथील गृहिणी अंड्याएवढे लोणी, अक्रोडाएवढे लोणी, चहाचा कप भरून पीठ अशाच भाषेत एकमेकींना पाककृती सांगत असत. या भाषेला व्याकरण दिले ते बोस्टनच्या फॅनी मेरिट फार्मर यांनी. सोळाव्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या या मुलीने पुढे कप आणि चमच्याला नेमकेपणा दिला. सपाट मापांची जननी हे बिरुद त्यांच्या नावामागे कायमचे जोडले गेले. जगभरातील पाककृतींत आज दिसणाऱ्या कप-चमच्यांच्या काटेकोर हिशेबामागे त्यांचा फार मोठा वाटा आहे. कपातील जिन्नसाचे वजन नेमके किती, हा आजही छळणारा प्रश्न त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पुस्तकाच्या आरंभीच हाती घेतला होता.

थांबलेली शाळा

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बोस्टन शहरात झाला. वडील जॉन फ्रँकलिन फार्मर हे व्यवसायाने मुद्रक. आई मेरी वॉटसन मेरिट. चार बहिणींमध्ये फॅनी सर्वांत थोरली. फार्मर कुटुंब युनिटेरियन पंथाचे होते आणि मुलींनी शिकावे, असा त्या घराचा आग्रह होता. त्या काळात मुलींना महाविद्यालयात धाडणे ही अमेरिकेतही सर्वसामान्य गोष्ट नव्हती. पण थोरल्या लेकीने उच्च शिक्षण घ्यावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. कुटुंब मेडफर्ड या बोस्टनजवळच्या गावी राहत होते आणि फॅनी तेथील हायस्कूलमध्ये शिकत होती.

सोळाव्या वर्षी सारे चित्र पालटले. फॅनीला अर्धांगवायूचा झटका आला. हा पोलिओ असावा, असे तिचे काही चरित्रकार मानतात. कारण काहीही असो, परिणाम एकच झाला. तिचे चालणे बंद झाले, शाळा सुटली आणि महाविद्यालयाचे स्वप्न तेथेच मिटले. पुढची कित्येक वर्षे तिने घराच्या चार भिंतींत काढली. बरोबरीच्या मुली शिक्षिका झाल्या, संसाराला लागल्या. फॅनी मात्र आईवडिलांच्या घरी, त्यांच्याच आधाराने दिवस कंठत होती. हळूहळू शरीरात थोडे बळ आले, ती पुन्हा पावले टाकू लागली. पण पायातील लंगडेपणा जन्मभर राहिला.

या सक्तीच्या घरवासात तिला स्वयंपाकाची गोडी लागली. आईच्या घरात पैसे देऊन राहणारे आणि जेवणारे लोक ठेवले जाऊ लागले आणि त्या घराची ख्याती तेथील सुग्रास जेवणासाठी पसरू लागली. ज्या मुलीचे शिक्षण अर्ध्यावर सुटले होते, तिला हाताशी असलेल्या चुलीनेच एक नवे दालन उघडून दिले.

पाकशाळेची विद्यार्थिनी

घराला हातभार लावण्यासाठी फॅनी पुढे शॉ नावाच्या कुटुंबात मदतनीस म्हणून काम करू लागली. तिच्या हाताची चव आणि त्या कामातील तिची जिज्ञासा शॉबाईंच्या लक्षात आली. स्वयंपाकाचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे त्यांनीच सुचवले. त्यानुसार वयाच्या तिशीत फॅनीने बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये नाव घातले. वर्गातील मुलींपेक्षा ती वयाने मोठी होती आणि चालताना लंगडत होती. परंतु सुटलेली शाळा चौदा वर्षांनी का होईना, पुन्हा सुरू झाली होती.

ही पाकशाळा बोस्टनच्या विमेन्स एज्युकेशन असोसिएशनने १८७९ मध्ये सुरू केली होती. स्वयंपाक करून पोट भरू इच्छिणाऱ्या स्त्रियांना शिक्षण द्यावे, हा तिचा मूळ हेतू. तो काळ गृहशास्त्राच्या चळवळीचा होता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १८७३ मध्ये पदवी मिळवणाऱ्या पहिल्या महिला एलेन स्वॅलो रिचर्ड्स या रसायनशास्त्राचा प्रकाश स्वयंपाकघरात आणू पाहत होत्या. अन्नातील उष्मांक मोजण्याचे विल्बर ॲटवॉटर यांचे प्रयोग त्याच सुमारास आकार घेत होते. पीठ का फुगते, अंडे का घट्ट होते, दूध का नासते, याची कारणे शोधण्याची आणि ती स्त्रियांना शिकवण्याची एक लाटच आली होती. स्वयंपाक हे शास्त्र ठरले, तर तो सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामालाही प्रतिष्ठा मिळेल, अशी या चळवळीची श्रद्धा होती.

फॅनीने १८८९ मध्ये येथील अभ्यासक्रम पूर्ण केला. तिची हुशारी पाहून शाळेने तिला साहाय्यक म्हणून ठेवून घेतले आणि काही वर्षांतच तिच्याकडे प्राचार्यपदाची सूत्रे आली. महाविद्यालयाची पायरी न चढलेली फॅनी आता मिस फार्मर या नावाने शेकडो विद्यार्थिनींची गुरू झाली.

अंड्याएवढे लोणी म्हणजे किती?

फार्मरबाईंना नेमक्या मापांचा ध्यास कसा लागला, याबद्दल एक आख्यायिका सांगितली जाते. शॉ कुटुंबातील लहान मुलगी त्यांच्याजवळ स्वयंपाक शिकायला बसत असे. अंड्याएवढे लोणी म्हणजे कोणत्या अंड्याएवढे आणि चिमूटभर म्हणजे कोणाच्या चिमटीत मावेल एवढे, अशा तिच्या भाबड्या प्रश्नांनी बाईंना विचारात पाडले, असे म्हणतात. गोष्ट खरी असो वा नसो, प्रश्न मात्र खरा होता. आईच्या शेजारी उभे राहून शिकलेल्या मुलीला अंदाज पुरतो. जिला आई जवळ नाही, जी नव्या शहरात किंवा नव्या देशात एकटी संसार मांडते, तिला अंदाजाचा काय उपयोग? बोस्टन त्या काळी स्थलांतरितांचे शहर होते. वर्गात येणाऱ्या मुलींच्या हाती अनुभवाची शिदोरी नव्हती. त्यांना हवे होते असे माप, जे कोणाच्याही हातात तेच राहील.

मापे देण्याचा प्रयत्न करणाऱ्या फार्मरबाई पहिल्या नव्हत्या, हेही नमूद करायला हवे. याच शाळेच्या पूर्वीच्या प्रमुख मेरी लिंकन यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मापांचे कोष्टक होते. परंतु चमचा भरताना त्यावर गोलाई ठेवण्याची पद्धत तेव्हा रूढ होती. चमच्याच्या खोलगटात जेवढे मावते तेवढेच वर उभारायचे, असा तिचा संकेत. ही गोलाई डोळ्यांनी ठरत असे. म्हणजे फिरून अंदाज आलाच. फार्मरबाईंनी ही गोलाई सुरीने कापून टाकली. कप असो वा चमचा, तो सपाटच भरायचा, हा त्यांचा दंडक.

तो पाळण्याची रीतही त्यांनी बारकाईने घालून दिली. पीठ, दळलेली साखर आणि सोडा मोजण्यापूर्वी चाळून घ्यायचा. पीठ कपात चमच्याने हलक्या हाताने घालायचे, किंचित वर येऊ द्यायचे आणि सुरीच्या पात्याने काठाबरोबर सपाट करायचे. कप हलवायचा नाही, आपटायचा नाही. लोणी आणि चरबी मात्र उलट दाबून भरायची, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. अर्धा चमचा हवा असेल, तर सपाट चमच्याचे सुरीने लांबीत दोन भाग करायचे. पाव हवा असेल, तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग करायचे. एक अष्टमांश चमच्यापेक्षा कमी असेल, तरच काही कण असे म्हणायची मुभा होती. तीन छोटे चमचे म्हणजे एक मोठा चमचा, सोळा मोठे चमचे म्हणजे एक कप. कपही घरातला कोणताही नव्हे, तर अर्ध्या पिंटाचा, तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्शाच्या खुणा असलेला मापाचा कप. असे कप पत्र्याचे, एनॅमलचे आणि काचेचे मिळू लागले होते. फार्मरबाईंच्या पुस्तकाने ते घरोघरी आवश्यक करून टाकले.

प्रकाशकाचा अविश्वास

आपल्या अध्यापनाचा सारा अनुभव एकत्र करून फार्मरबाईंनी 'द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात १८४९ पाककृती होत्या. पुस्तकाची सुरुवात मात्र पाककृतींनी होत नव्हती. अन्न म्हणजे काय, त्यातील घटक कोणते, शरीराला त्यांची गरज का असते, पदार्थ शिजतो तेव्हा नेमके काय घडते, याचे विवेचन आधी येत असे. त्यानंतर मापांची रीत आणि मग पदार्थ. घरकामाच्या सूचना, फळे टिकवण्याच्या पद्धती असा सारा प्रपंच त्यात होता.

बोस्टनच्या लिटल, ब्राऊन अँड कंपनी या नामांकित प्रकाशनसंस्थेला मात्र या पुस्तकाच्या खपाची खात्री वाटेना. बाजारात पाककृतींची पुस्तके कमी नव्हती. अखेर लेखिकेनेच छपाईचा खर्च सोसावा, या अटीवर १८९६ मध्ये पुस्तक निघाले. पहिली आवृत्ती ३००० प्रतींची होती. बेताच्या परिस्थितीतून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि अधू शरीराच्या स्त्रीने आपली पुंजी अशी पणाला लावावी, हे धाडसच होते. या व्यवहारात हक्क मात्र लेखिकेकडे राहिले आणि प्रकाशकाने दाखवलेला हा अविश्वासच पुढे फार्मरबाईंच्या पथ्यावर पडला.

पुस्तक हातोहात खपले. आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. फार्मरबाईंच्या मृत्यूपर्यंत त्याच्या सुमारे ३ लाख ६० हजार प्रती विकल्या गेल्या होत्या. पुढे अनेक पिढ्यांनी त्यात भर घातली आणि एकूण खप ४० लाखांच्या वर गेला. लोक मूळ नाव विसरून त्याला फॅनी फार्मरचे पुस्तक म्हणू लागले आणि कालांतराने अधिकृत नावही तेच झाले. लग्न झालेल्या मुलीला सासरी जाताना हे पुस्तक देण्याची प्रथा अमेरिकेतील कित्येक घरांत पडली.

या यशाचे रहस्य केवळ शिस्तीत नव्हते. गृहशास्त्राच्या चळवळीतील अनेक जणी अन्नाकडे औषधासारख्या पाहत असत. फार्मरबाईंना मात्र मनापासून खाण्याची आवड होती. उपाहारगृहात एखादा नवा पदार्थ चाखला, की त्यात काय काय असावे याचा त्या शोध घेत आणि घरी येऊन तो करून पाहत. सणासुदीचे गोडधोड, केक, आइस्क्रीम यांना त्यांच्या पुस्तकात भरपूर जागा होती. आज जगभर आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या चॉकलेट ब्राउनीची सर्वांत जुन्या छापील पाककृतींपैकी एक त्यांच्या १९०६ च्या आवृत्तीत आढळते. शास्त्र आणि जिव्हा यांचा असा मेळ घातल्यामुळेच वाचकांना त्यांची शिस्त जाचक वाटली नाही.

कप आणि काटा

फार्मरबाईंच्या कार्याचे मोल जाणून घ्यायचे, तर आकारमान आणि वजन यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. कप हे आकारमानाचे माप आहे, काटा वजनाचे. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जुळतात. अमेरिकी कपात २३७ मिलिलीटर पाणी मावते आणि त्याचे वजन भरते सुमारे २३७ ग्रॅम. पण त्याच कपात मैदा भरला, तर तो साधारण १२० ग्रॅम भरतो, साखर २०० ग्रॅम, लोणी २२७ ग्रॅम आणि मध तब्बल ३४० ग्रॅमच्या आसपास. कप एकच, वजने मात्र चार. म्हणूनच कपाचे ग्रॅम करण्याचे एकच एक सूत्र नाही. प्रत्येक जिन्नसाचा आकडा वेगळा.

फार्मरबाईंना याची पूर्ण जाणीव होती. त्यांनी आपल्या पुस्तकात मापे आणि वजने यांचे कोष्टकच दिले. दाबून भरलेले दोन कप लोणी म्हणजे एक पौंड, दाणेदार साखरेचे दोन कप म्हणजे एक पौंड, तर मैद्याचे चार कप म्हणजे एक पौंड. दळलेली साखर दोन पूर्णांक दोन तृतीयांश कप, ओट्स चार पूर्णांक तीन चतुर्थांश कप, अशी ती यादी आहे. मोठी अंडी नऊ घेतली, की एक पौंड. दोन मोठे चमचे लोणी किंवा चार मोठे चमचे पीठ म्हणजे एक औंस.

पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. या हिशेबाने फार्मरबाईंचा मैद्याचा कप ११३ ग्रॅमचा ठरतो. चाळून, हलक्या हाताने भरलेल्या मैद्यासाठी हा आकडा आजच्या काट्यावरही जवळपास बरोबर उतरतो. लोण्याचा २२७ ग्रॅमचा आकडा तर आजही तसाच आहे. साखरेचा कप मात्र त्यांच्या कोष्टकानुसार २२७ ग्रॅमचा होतो, तर आजची कोष्टके तो २०० ग्रॅमच्या आसपास धरतात. कोष्टक कितीही काळजीपूर्वक केले, तरी कपाचा स्वभाव थोडाफार निसटता राहतो, तो असा.

सर्वांत दगा देते ते पीठ. पिठाच्या कणांमध्ये हवा असते. कप थेट डब्यात बुडवून भरला, की पीठ दबते आणि त्याच कपात १४० ते १५० ग्रॅम मावते. चाळून घातलेला कप ११५ ग्रॅमचा आणि बुडवून भरलेला १४५ ग्रॅमचा धरला, तर तीन कपांच्या केकमध्ये ९० ग्रॅमचा फरक पडतो. पहिल्या केकचा स्पंज होतो, दुसऱ्याची वीट. पाककृती तीच, कप तोच, तरीही निकाल वेगळा. चाळा, हलवू नका, सुरीने सपाट करा, हा फार्मरबाईंचा आग्रह कर्मकांड नव्हता. आकारमानाच्या मापाकडून वजनाइतका भरवसा मिळवण्याची ती धडपड होती.

मग त्यांनी सरळ काटाच का नाही सांगितला? फ्रान्स, जर्मनीसारख्या देशांत स्वयंपाकघरात वजनकाटा होता. अमेरिकेत तो सर्रास नव्हता. देशाच्या पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या कुटुंबांना जड काटा आणि वजने वाहून नेण्यापेक्षा एक कप बाळगणे सोपे होते, असे कारण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. घरात जे आहे त्याच्याच आधाराने शिकवायचे, हा शिक्षिकेचा व्यवहार फार्मरबाईंनी पाळला. कप स्वस्त होता, प्रत्येकीला परवडत होता. तो नीट भरायला शिकवले, की काट्याचे काम बऱ्याच अंशी भागत होते.

याची एक उलट बाजूही आहे. त्यांच्या पुस्तकाला एवढे यश लाभले, की अमेरिका कपालाच चिकटून राहिली. बाकीचे जग ग्रॅमकडे वळले, तरी तेथील घरगुती पाककृती कपातच लिहिल्या जात राहिल्या. फार्मरबाईंच्या पुस्तकातील कप उरला. कपाचे वजन सांगणारे कोष्टक आणि चाळणीची सूचना मात्र अनेकींच्या विस्मरणात गेली. आज व्यावसायिक बेकरीत सारे जिन्नस वजनावरच घेतले जातात आणि हौशी मंडळीही डिजिटल काट्याकडे वळली आहेत. कप हे अपुरे माप आहे, अशी टीका होते, तेव्हा तिचा रोख नकळत फार्मरबाईंवरही असतो. परंतु त्यांच्यापुढचा पर्याय कप की काटा असा नव्हता. सपाट कप की अंड्याएवढे लोणी, असा तो होता.

रुग्णाच्या ताटाकडे

बोस्टन कुकिंग स्कूलमधून बाहेर पडून १९०२ मध्ये फार्मरबाईंनी स्वतःची मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी ही शाळा काढली. जुन्या शाळेचा भर शिक्षिका घडवण्यावर होता. नव्या शाळेत गृहिणींना, नवविवाहितांना साधा आणि खास बेतांचा स्वयंपाक शिकवला जाऊ लागला. हळूहळू तेथील एका विषयाने बाईंचे सारे मन व्यापले. तो म्हणजे आजारी माणसाचा आहार.

हा विषय त्यांनी पुस्तकातून उचललेला नव्हता. ऐन उमेदीची वर्षे अंथरुणात काढलेल्या बाईंना रुग्णाच्या ताटाचे मोल स्वानुभवाने ठाऊक होते. अन्न पथ्याचे असावे; पण ते पाहून खावेसेही वाटावे, यावर त्यांचा कटाक्ष होता. ताटाची मांडणी, पदार्थाचा रंग, थोडे थोडे वाढणे अशा बाबींना त्या औषधाइतकेच महत्त्व देत. १९०४ मध्ये त्यांनी 'फूड अँड कुकरी फॉर द सिक अँड कॉन्व्हॅलेसन्ट' हे पुस्तक प्रसिद्ध केले. लहान मुलांच्या आहारापासून निरनिराळ्या विकारांतील पथ्यापर्यंत अनेक विषय त्यात आले. मधुमेहाला त्यात विशेष स्थान मिळाले.

मधुमेहाच्या या मजकुराचे महत्त्व आज सहज लक्षात येणार नाही. इन्शुलिनचा शोध लागायला १९२१ साल उजाडावे लागले. तोपर्यंत मधुमेहाच्या रुग्णाजवळ आहाराखेरीज दुसरा मोठा आधार नव्हता. कोणत्या पदार्थात पिष्ट आणि साखर किती, हे कळणे त्याच्यासाठी जीवनमरणाचा प्रश्न होता. केकच्या मैद्यात दोन चमच्यांची चूक झाली, तर केक बसतो. रुग्णाच्या ताटात ती झाली, तर प्रकृती ढासळते. मापाच्या ज्या शिस्तीकडे काही जण बायकी काटेकोरपणा म्हणून पाहत होते, तिचे खरे प्रयोजन येथे उघड झाले.

वैद्यकीय जगानेही त्यांची दखल घेतली. फार्मरबाईंनी परिचारिकांना आणि डॉक्टरांना आहाराचे पाठ दिले. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्येही त्यांची व्याख्याने झाली. आजारपणामुळे जिला हायस्कूल सोडावे लागले, तिने अमेरिकेतील एका अग्रगण्य विद्यापीठातील डॉक्टरांना शिकवावे, हा नियतीने केलेला न्यायच म्हणावा लागेल. आपले नाव राहिलेच, तर ते रुग्णांच्या आहाराच्या कामामुळे राहील, असे बाईंना वाटत असे. प्रत्यक्षात जगाने त्यांना ओळखले ते कप आणि चमच्यामुळे.

चाकांच्या खुर्चीवरून

आयुष्याची अखेरची सात वर्षे शरीराने पुन्हा असहकार पुकारला. फार्मरबाईंना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. परंतु सोळाव्या वर्षी जे घडले त्याची पुनरावृत्ती त्यांनी होऊ दिली नाही. या वेळी काम थांबले नाही. त्या खुर्चीत बसून व्याख्यान देत आणि साहाय्यिका त्यांच्या सूचनेनुसार पदार्थ करून दाखवत. ही व्याख्याने एवढी लोकप्रिय होती, की बोस्टनमधील 'इव्हिनिंग ट्रान्स्क्रिप्ट' या दैनिकात त्यांचे वृत्तांत छापून येत. धाकटी बहीण कोरा हिच्या साहाय्याने त्यांनी 'वुमन्स होम कंपॅनियन' या मासिकात दहा वर्षे सदर चालवले. १९११ मध्ये खास प्रसंगांच्या बेतांवरील आणि १९१२ मध्ये 'अ न्यू बुक ऑफ कुकरी' अशी पुस्तके याच काळात निघाली.

शेवटचे व्याख्यान त्यांनी मृत्यूच्या अवघे दहा दिवस आधी दिले. १५ जानेवारी १९१५ रोजी बोस्टनमध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्या ५७ वर्षांच्या होत्या. शेजारच्या केंब्रिजमधील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्या अविवाहित होत्या. त्यांची शाळा पुढे ॲलिस ब्रॅडली यांनी १९४४ पर्यंत चालवली. १९१९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर येथे मिठाईच्या दुकानांची एक साखळी सुरू झाली. तिला स्पेलिंगमध्ये थोडा बदल करून फार्मरबाईंचेच नाव देण्यात आले. त्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. परंतु केवळ नावावर ग्राहक विश्वासाने येतील, एवढी पुण्याई त्या नावाला लाभली होती.

वाटीचा हिशेब

महाराष्ट्राला मापांचे हे कोडे नवे नाही. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही आपली जुनी धान्यमापे आकारमानाचीच. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक जुन्या पिढीला तोंडपाठ असे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही, हे आजीला कोणी सांगावे लागत नव्हते. १९५८ पासून देशात दशमान पद्धतीची वजनेमापे टप्प्याटप्प्याने आली. दुकानात किलो आणि ग्रॅम आले. स्वयंपाकघरात मात्र वाटीच राहिली. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने १९७० नंतर मराठी नवविवाहितांना जो दिलासा दिला, तो फार्मरबाईंच्या पुस्तकाने अमेरिकी मुलींना दिलेल्या दिलाशाच्याच जातीचा. आई जवळ नसेल, तरी पदार्थ जमेल, हा तो दिलासा.

पुण्या-मुंबईतील एखादी गृहिणी अमेरिकी पुस्तक उघडून केक करायला घेते किंवा न्यू जर्सीतील एखादी मराठी मुलगी आईच्या वाटीच्या मापाने पुरणपोळी करू पाहते, तेव्हा दोघींपुढे प्रश्न एकच उभा राहतो. हे माप म्हणजे नेमके किती? त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, ते मोजून द्यावे आणि कोणालाही पडताळून पाहता येईल असे द्यावे, हे फॅनी फार्मर यांनी आयुष्यभर शिकवले. हाताची चव शिकवता येत नाही, असे म्हणतात. ती जेथपर्यंत शिकवता येते, तेथपर्यंतचा रस्ता त्यांनी लंगडत्या पायांनी आखून दिला.

चौकट : कपाचे ग्रॅम करताना

* अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलीटरचा, तर मेट्रिक कप २५० मिलिलीटरचा असतो. पाककृती कोणत्या देशाची आहे, हे आधी पाहावे.

* छोटा चमचा ५ मिलिलीटर आणि मोठा चमचा १५ मिलिलीटर. ऑस्ट्रेलियात मात्र मोठा चमचा २० मिलिलीटरचा धरतात.

* अमेरिकी कपाची ढोबळ वजने : मैदा १२० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी २२७ ग्रॅम, कोको ८५ ग्रॅम, मध ३४० ग्रॅम.

* घरातील वाटीचे माप काढण्यासाठी ती रिकामी असताना काट्यावर ठेवून काटा शून्य करावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जेवढे ग्रॅम, तेवढे मिलिलीटर.

* वाटीच्या मिलिलीटरना २३७ ने भागून कपाच्या वजनाने गुणावे. उदाहरणार्थ, १५० मिलिलीटरच्या वाटीत सुमारे ७६ ग्रॅम मैदा किंवा १२७ ग्रॅम साखर मावते.

* काटा नसेल, तर फार्मरबाईंची रीत पाळावी. पीठ चाळावे, चमच्याने घालावे, वाटी आपटू नये आणि सुरीने सपाट करावे.